हमीपत्रांतील अपवाद

शिरूरहून दौंडला डॉक्टरांकडे कुटुंबास नेतां यावें म्हणून चिरंजिवांनीं घेतलेल्या मोटारीचें स्टिअरिंग आठव्याच महिन्यांत जड झालें. ‘आंत पाणी शिरलें, हमी लागू नाहीं,’ असें विक्रेत्यानें तोंडी सांगून १८,००० रुपये मागितले. चिरंजीव ते देऊन मोकळे होणार होते. मीं हमीपत्र एखादें सूत्र वाचावें तसें वाचलें. अपवाद आहे खरा. पण पाणी कोठून शिरलें, हें अपवाद सांगणारानेंच दाखवावयास नको काय? नकार कारणासह लेखी मागितला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें दोन वर्षांच्या आंत आपण राहतों त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार नेतां येते. वकील लागतोच असें नाहीं. पत्र पोंचतांच तेच गृहस्थ ‘पुन्हां तपासतों’ म्हणूं लागले. लेखी उत्तर अद्याप नाहीं. तोंवर आम्ही उभयतां एस. टी.नें जातों.