घड्याळ न दाखवलेली शर्यत

लष्कराच्या मेसमध्ये टीव्हीचा रिमोट सर्वांत ज्येष्ठ अधिकाऱ्याच्या हाताशी असतो. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण मोडलेलाही मी कधी पाहिला नाही. त्यामुळं लेफ्टनंट असताना मी नको तितकं गोल्फ पाहिलं. आता वीस-बावीस वर्षांच्या नोकरीनंतर रिमोट माझ्याकडं आला आहे आणि मला बघायची असते मोटार रॅली. ती बहुधा लागतच नाही. लागते तेव्हा अशी दाखवतात, की नसती दाखवली तर बरं झालं असतं असं वाटतं.

काय दाखवतात? एक गाडी टेकाडावरून उडते. दुसरी धुरळा उडवत वळणावर आडवी होते. तिसरी कोलांट्या खात नाल्यात जाते आणि ती कोलांटी चार कोनांतून, संथ गतीनं, पुन्हा पुन्हा. मागं ढणढणाटी संगीत. मग ट्रॉफी, प्रायोजकाचा फलक, संपलं. जिंकणारा का जिंकला, दुसरा किती मागं राहिला, पहिला होता तो तिसऱ्या दिवशी दुपारी मागं का पडला, यातलं काही कळत नाही. क्रिकेटचा सामना नुसते षटकार आणि उडालेल्या दांड्या दाखवून, धावफलक झाकून दाखवला तर तुम्ही चालवून घ्याल का? रॅलीच्या बाबतीत वर्षानुवर्षं तेच चाललंय.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रॅलीत गाड्या शेजारी-शेजारी पळत नाहीत. वाहतुकीला बंद केलेल्या रस्त्याचे तुकडे असतात, त्यांना स्टेज म्हणतात. एकेक गाडी दोन-तीन मिनिटांच्या अंतरानं सुटते. प्रत्येक स्टेजची वेळ लिहितात आणि तीन-चार दिवसांच्या सगळ्या वेळांची बेरीज करतात. सर्वांत कमी बेरीज ज्याची, तो जिंकला. प्रतिस्पर्धी डोळ्यांना दिसतच नाही, तो घड्याळात असतो. २०११ च्या जॉर्डन रॅलीत सेबास्तियाँ ओझिए जिंकला तो यारी-मत्ती लातवालापेक्षा फक्त ०.२ सेकंदानं. एवढ्या किलोमीटरांच्या वाळू-खडीनंतर पापणी लवण्याइतका फरक! ही गोष्ट ज्याला घड्याळाशिवाय सांगायची आहे, त्यानं ती सांगूच नये.

टीव्हीवाल्यांचं यावर ठरलेलं उत्तर असतं. आपल्या प्रेक्षकाला वेळेची शर्यत समजत नाही, त्याला समोरासमोरची झुंज लागते. हे उत्तर मला पटत नाही आणि त्याचं कारण जुन्नर तालुक्यातला एक शिपाई आहे.

हिमाचलात असताना आमच्या हद्दीतून एक रॅली जाणार होती. वैद्यकीय मदतीला आमची एक अँब्युलन्स आणि काही जवान एका वळणाच्या वर उभे होते. पहिली गाडी गेली, मग शांतता. जवान वैतागले. एक जण हिंदीत म्हणाला, ‘‘ही कसली रेस, एकटाच पळतोय!’’ तेवढ्यात हा जुन्नरचा पोरगा माझ्याकडं वळून म्हणाला, ‘‘साहेब, हे तर आमच्या घाटासारखंच की. एकेक बारी सोडायची आन् सेकंद मोजायचे.’’

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात बैलगाडा शर्यत अशीच होते. घाटात एका वेळी एकच गाडा सुटतो. शेजारी दुसरा नसतो. माइकवरचा पुकारणारा गाडा कोणाचा, बैल कोणाचे हे सांगतो, ‘भिर्रर्र’ होतं आणि बारी संपताच तो सेकंद पुकारतो. सगळा घाट उसळतो, कारण आधीची चांगली वेळ किती होती हे हजारो माणसांच्या ध्यानात असतं. ज्याचा गाडा सर्वांत कमी वेळात, तो घाटाचा राजा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या वर्षांत माणसं ही वेळ मोजणं विसरली नाहीत.

त्या वळणावर आमच्या पोरानं मोबाइलचं स्टॉपवॉच काढलं. खालचा एक पांढरा दगड आणि वरचं झाड अशा दोन खुणा धरल्या. पाचव्या गाडीपर्यंत सगळे जवान वेळा पुकारत होते आणि कोण कुठं कमी पडला यावर वाद घालत होते. यात ना ड्रोन होता, ना ग्राफिक्स. पुकारणारा एक माणूस पुरला.

घड्याळानंतर टीव्हीवर दिसत नाही ती डावीकडची सीट. रॅलीच्या गाडीत दोन माणसं असतात. जागतिक स्पर्धेत प्रत्येक स्टेज आधी दोनदा, बेतानं चालवून पाहता येते, आपण जिला रेकी म्हणतो तीच. त्यात चालक बोलतो आणि सहचालक वहीत लिहून घेतो: पुढं डावं वळण, किती तीव्र, चढ संपल्यावर लगेच उजवं, आतल्या बाजूला दगड, तिथं कापू नको. स्पर्धेच्या दिवशी चालक समोर दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी चालवत नाही, तो शेजारच्या आवाजावर चालवतो. टेकाडापलीकडं काय आहे हे त्याला दिसत नसतं. तरी तो पाय काढत नाही, कारण शेजारचा म्हणालाय की रस्ता सरळ आहे.

हे वाचताना माझ्या फौजी वाचकांना काय आठवत असेल मला ठाऊक आहे. खडकवासल्याला रात्रीच्या नेव्हिगेशनमध्ये कंपास ज्याच्या हातात, त्याच्यावर सगळ्या टोळीचा जीव टांगलेला असायचा. पुढं वाळवंटात दिवे न लावता गाड्यांचा ताफा नेताना तेच. स्टीअरिंग ड्रायव्हरकडं असतं, रस्ता शेजाऱ्याकडं.

गौरव गिलचं नाव निदान काही जणांनी ऐकलेलं असतं. आशिया-पॅसिफिक स्पर्धा त्यानं तीनदा जिंकली आणि २०१९ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवणारा तो मोटारस्पोर्टमधला पहिला भारतीय ठरला. पण राष्ट्रीय स्पर्धेत अनेकदा त्याच्या शेजारी बसलेला, केरळच्या कासारगोडचा मूसा शरीफ तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? गाडीतला कॅमेरा लावून त्याचा आवाज दोन मिनिटं ऐकवला तर प्रेक्षकाचे हात घट्ट होतील. त्याऐवजी आपल्याला ऐकवतात ते संगीत.

तिसरी गोष्ट रस्त्याची. खडीच्या स्टेजवर जो आधी जातो तो सुटी खडी झाडत जातो. त्याची पकड कमी पडते, मागच्यांना स्वच्छ पट्टा मिळतो. जागतिक स्पर्धेत पहिल्या दिवशी हे झाडूकाम गुणतक्त्यात पुढं असलेल्याच्याच वाट्याला येतं. तो दहा-पंधरा सेकंद मागं पडतो आणि निवेदक म्हणतो, ‘‘आज त्याचा सूर हरवलेला दिसतो.’’ सूर हरवलेला नसतो हो, तो बिचारा सगळ्यांसाठी रस्ता झाडत असतो! एवढं एक वाक्य सांगितलं तर प्रेक्षकाला त्या दिवसाची लढाई समजते.

आणि निदान कुठली स्पर्धा चालली आहे, एवढं तरी नीट सांगावं. १९९९ मध्ये सुरू झालेल्या रेड दी हिमालयात दोन वेगळे खेळ असत. एक वेगाचा. दुसरा वेळ, वेग आणि अंतर यांच्या हिशेबाचा, ज्यात ठरलेल्या क्षणी ठरलेल्या ठिकाणी पोचायचं असतं आणि लवकर पोचलात तरी दंड बसतो. या दुसऱ्या प्रकारातल्या गाड्या दाखवून ‘सुसाट वेग’ असं म्हणणं म्हणजे बुद्धिबळाच्या पटाशेजारी कुस्तीची कॉमेंट्री करण्यासारखं आहे.

इथवर माझी तक्रार एका शौकिनाची वाटेल. पण पुढची दोन उदाहरणं शौकापलीकडची आहेत.

सेनेचे संघ रेडमध्ये उतरत आले आहेत. अशा एका संघाबरोबर माझ्या ओळखीचा एक हवालदार होता, ईएमईचा मेकॅनिक, सातारा जिल्ह्यातला. शून्याखाली तापमान, डोक्याला बांधलेला टॉर्च, बधिर बोटं. अशा रात्री त्यानं आणि त्याच्या जोडीदारानं गाडीखाली झोपून क्लच बदलला आणि पहाटे गाडी वेळेवर सुटली. काही आठवड्यांनी त्या रॅलीचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम एका वाहिनीवर लागणार होता. त्यानं गावी फोन केला. घरच्यांनी शेजारपाजारचे बोलावून टीव्ही लावला. कार्यक्रमात उद्घाटनाचे पाहुणे होते, बर्फाची शिखरं होती, उलटलेली एक गाडी पाच वेळा होती. सेनेच्या गाडीचा नंबर निकालाच्या पट्टीत दोन सेकंद सरकून गेला. रात्री आईनं फोनवर विचारलं, ‘‘तू खरंच व्हतास का रं तिथं?’’

हे त्यानं मला हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

दुसरं उदाहरण दुःखाचं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅलीच्या स्टेजवर एक मोटारसायकल आली आणि रॅलीच्या गाडीनं तिला धडक दिली. एकाच कुटुंबातले तिघे गेले. त्या अपघाताचा दोष मी टीव्हीवर ढकलत नाही, बंदोबस्त हे आयोजकांचं आणि प्रशासनाचं काम. पण एक प्रश्न मला सोडत नाही. आपल्या खेड्यापाड्यांत किती जणांना माहीत आहे की एक गाडी गेली म्हणजे रस्ता मोकळा झाला असं नसतं? दोन-तीन मिनिटांनी दुसरी येते, मग तिसरी, आणि शेवटी मागची बंदोबस्ताची गाडी जाईपर्यंत रस्ता बंदच असतो. फायरिंग रेंजवर लाल झेंडा आहे तोवर आत जायचं नाही, हे रेंजशेजारच्या गावातली पोरं लहानपणीच शिकतात, कारण त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं. रॅलीचं हे सांगायची संधी प्रत्येक प्रक्षेपणात असते. तिथं आपण कोलांटी दाखवतो, तीही अशी, की बघणाऱ्याला वाटावं जवळ उभं राहिलं तर आणखी मजा.

अपघातच दाखवायचा तर पुरता दाखवा. जानेवारी २०२० मध्ये सौदी अरेबियात डकार रॅलीच्या सातव्या स्टेजवर पाउलो गोन्साल्विस हा पोर्तुगीज मोटारसायकलस्वार पडला आणि गेला. तो आपल्या हिरो कंपनीच्या संघातून धावत होता. मागून येणारा टोबी प्राइस, आदल्या वर्षीचा विजेता, त्याच्यासाठी थांबला. डकारमध्ये असा नियमच आहे की जखमी प्रतिस्पर्ध्यासाठी थांबलात तर तेवढी वेळ तुम्हाला परत मिळते. ज्या खेळानं आपल्या घड्याळात माणुसकीची तरतूद करून ठेवलीय, त्याची ओळख आपण नुसती धूळ आणि धडक अशी करून देतो.

हे सगळं दाखवता येत नाही, हेही खरं नाही. जागतिक रॅली स्पर्धेनं २०१८ पासून प्रत्येक स्टेज इंटरनेटवर थेट दाखवायला सुरुवात केली. गाडीतले कॅमेरे, मधल्या टप्प्यांच्या वेळा, सर्व्हिस पार्कमधले मेकॅनिक, सगळं त्यात येतं. आपल्याकडं तेवढा पैसा नाही, मान्य. पण कोपऱ्यात घड्याळ दाखवायला हेलिकॉप्टर लागत नाही. सहचालकाचा आवाज ऐकवायला एक माइक लागतो. मेकॅनिकचं नाव पट्टीत टाकायला तर काहीच लागत नाही. आणि बातमी द्यायला माणसंही आहेत. २०१५ मध्ये सी. एस. संतोष डकार गाठणारा पहिला भारतीय झाला आणि ती पूर्ण करून ३६ वा आला. २०२४ मध्ये केरळचा हरिथ नोआ त्याच डकारमध्ये मोटारसायकलच्या रॅली-२ गटात पहिला आला. रोजची वेळ आणि रोजचा क्रमांक एवढं जरी संध्याकाळच्या बातम्यांत सांगितलं असतं, तर दोन आठवडे घराघरांत माणसं त्याची वाट बघत बसली असती.

टीव्ही सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर माझ्या निवृत्त सोबत्यांना आणि इतर वाचकांना सुचवतो, एकदा प्रत्यक्ष जाऊन बघा. राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या कोइम्बतूर, चिकमगळूर, इटानगर अशा ठिकाणी झाल्या आहेत, आपल्या नाशिकच्या परिसरातही झाल्या आहेत. फितीच्या मागं, उंचावर, मार्शल सांगेल तिथंच उभे राहा. शेवटची बंदोबस्ताची गाडी गेल्याशिवाय रस्त्यावर पाऊल टाकू नका आणि शेजारच्यालाही टाकू देऊ नका. दोन खुणा ठरवा आणि वेळा मोजा. दुपारी सर्व्हिस पार्कमध्ये जा, गाडीखाली झोपलेला एखादा पोरगा दिसेल. त्याला नाव, गाव विचारा, आणि त्यानं परवानगी दिली तर एक फोटो काढून त्याच्या घरी पाठवा.