आश्रयदाता कोण?

वाचकहो, ‘बरोक’ कला म्हटली की रोमची भव्य देवालये नाही तर व्हर्सायचा राजवाडा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. सतराव्या शतकात युरोपात धर्मपीठाने आणि राजसत्तेने या कलेला सढळ हाताने आश्रय दिला. पोपना श्रद्धा दृढ करावयाची होती, चौदाव्या लुईला वैभव मिरवावयाचे होते. हेतू कोणताही असो, त्यामुळे बर्नीनीसारख्या मूर्तिकाराच्या हातांना काम मिळाले.

या आश्रयाची एक खूण आपल्या गोव्यातच आहे. जुन्या गोव्याच्या बॉम जीझस चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरची समाधी आहे. तिचा संगमरवरी चौथरा तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने फ्लॉरेन्सच्या फोज्जीनीकडून घडवून घेतला आणि तो १६९८ मध्ये गोव्यात बसविण्यात आला. त्यावरील रुप्याची पेटी मात्र १६३६-३७ मध्ये गोव्याच्याच कारागिरांनी घडविली. ड्यूकचे आणि मूर्तिकाराचे नाव आपण वाचतो; त्या रुप्याला आकार देणाऱ्या हातांची नावे कितीजणांना सांगता येतील?

मी राहतो त्या लखनौतही हेच दिसते. १७८४ च्या दुष्काळात नवाब असफउद्दौल्याने बडा इमामबाडा बांधावयास काढला. धर्मकार्य झाले, राजाची कीर्ती झाली आणि भुकेल्यांच्या हाती मजुरी पडली. खांबाचा आधार नसलेले ते प्रशस्त दालन आजही पाहणाऱ्यास थक्क करते.

पण मला अधिक विचार करावयास लावते ते आमचे चिनहट. इंग्रजांचा ३० जून १८५७ रोजी येथे पराभव झाला, हे इतिहास सांगतो. पुढे हे गाव नावारूपास आले ते हिरव्या-तपकिरी झिलईच्या मातीच्या भांड्यांमुळे. स्वातंत्र्यानंतर सरकारने या कलेस हात दिला; तो आधार सुटला आणि भट्ट्या एकेक करून विझू लागल्या. इमामबाडा दगड-चुन्याचा नव्हे, विटा-चुन्याचा. तरी आश्रयदाता गेल्यावरही तो उभा राहिला. चाकावरची विद्या तशी उभी राहत नाही. एका पिढीने हात आखडला की ती पुढच्या पिढीस मिळत नाही.

आता ना नवाब उरला, ना ड्यूक. आपल्या घरची बरणी किंवा फुलदाणी निवडताना, वाचकहो, आपणच आश्रयदाते असतो. घासाघीस करण्यापूर्वी एवढे ध्यानी घ्यावे.