ताळा

केलेले गणित बरोबर आले आहे की नाही, हे ते पुन्हा पहिल्यापासून न करता दुसऱ्या वाटेने पडताळून पाहण्याच्या रीतीला मराठीत ताळा म्हणतात, आणि या शब्दाचा गोतावळा पाहिला तर हिशोबाशी व शहाणपणाशी त्याचे नाते सारखेच घट्ट असल्याचे दिसते. कारण वर्षाअखेरीस मांडला जातो तो ताळेबंद, दोन बाजूंचा बसतो तो ताळमेळ आणि भडकलेल्या माणसाचे डोके येते ते ताळ्यावर. वजाबाकीचा ताळा बेरजेने करावा, भागाकाराचा गुणाकाराने, हे प्राथमिक शाळेत शिकवले जाई. मोठ्या गुणाकारासाठी मात्र नवाचा ताळा असे. त्यात प्रत्येक संख्येतील अंकांची एकअंकी होईपर्यंत बेरीज करीत जायचे आणि त्या लहानग्या अंकांवर तीच क्रिया करून उत्तर जुळते का ते पाहायचे. ४७ गुणिले ३८ बरोबर १७८६ हे उत्तर घेतले, तर ४७ चे ११ आणि ११ चे २, तसेच ३८ चेही २ उरतात, दोन्ही दोनांचा गुणाकार ४ होतो, आणि १७८६ मधील अंकांची बेरीज २२, म्हणजे पुन्हा ४ येते, म्हणून ताळा जुळला असे म्हणायचे.

या रीतीत एक भोक आहे आणि ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. घाईत कोणी १७८६ ऐवजी १८७६ लिहिले तरी अंक तेच राहतात, बेरीज २२ च राहते आणि ताळा निमूटपणे जुळतो. प्रस्तुत लेखकाच्या आजोबांचे तालुक्याच्या गावी किराणा दुकान होते, आणि रात्री फळ्या लावण्याआधी रोकड जुळवण्याचा जो रोजचा सोहळा चाले त्यात या भोकाचाच उलटा उपयोग केला जाई. वहीतली रक्कम आणि गल्ल्यातली रक्कम यांतील फरकाला नवाने पूर्ण भाग जात असेल, तर गल्ल्यावर बसणाऱ्या मुलावर संशय घेण्याआधी वहीत कुठे ५७ चे ७५ झाले आहेत का ते शोधावे, कारण दोन अंकांची अदलाबदल झाली की पडणारा फरक नेहमी नवाच्याच पटीत असतो, ही त्यांची रीत होती. चूक शोधताना माणसाच्या आधी वही तपासावी, हा धडा प्रस्तुत लेखकाला त्या लहान वयात धडा म्हणून कळला नव्हता. त्याला फक्त १८ रुपयांचा फरक दिसताच आजोबांच्या चेहऱ्यावर उमटणारे समाधान तेवढे आठवते.

पुढे ताळा हाच शब्द त्याला पाइथन ही संगणकभाषा शिकवताना उपयोगी पडला. पाइथन ही स्क्रिप्टिंग भाषा म्हणून ओळखली जाते, म्हणजे या भाषेत लिहिलेला मजकूर, ज्याला कोड म्हणतात, तो आधी स्वतंत्रपणे यंत्रभाषेत उतरवून ठेवावा लागत नाही, तर इंटरप्रिटर नावाचा दुभाष्या तो तिथल्या तिथे चालवून दाखवतो. गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत ॲम्स्टरडॅममधील सीडब्ल्यूआय या गणित व संगणकशास्त्राच्या संस्थेत असताना तिच्यावर काम सुरू केले, १९९१ मध्ये ती लोकांपुढे आली, आणि तिचे नाव अजगरावरून नव्हे तर माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळीवरून ठेवले गेले. त्याच संस्थेत आधी तयार झालेल्या एबीसी नावाच्या, नवशिक्यांना डोळ्यांसमोर ठेवून रचलेल्या भाषेतून तिने एक गोष्ट उचलली, ती म्हणजे समास. इतर अनेक भाषांत कोणत्या ओळी कोणत्या अटीच्या पोटात येतात हे महिरपी कंसांनी दाखवतात, तर पाइथनमध्ये ती ओळ डावीकडून किती आत सरकवून लिहिली आहे एवढ्यावरच ते ठरते, आणि या सरकवण्याला इंडेंटेशन म्हणतात. वहीत समास न सोडल्याबद्दल ज्यांनी छड्या खाल्ल्या त्या पिढीला ही कल्पना पटायला वेळ लागत नाही. पटूनही ती नडते मात्र, कारण कोऱ्या जागेतील चूक डोळ्यांना दिसत नाही. एका ओळीत चार स्पेस आणि दुसरीत एक टॅब असेल तर पडद्यावर दोन्ही ओळी सरळ रेषेत दिसतात आणि पाइथन मात्र टॅबएरर देऊन थांबतो.

अशा वेळी पडद्यावर जो तांबडा मजकूर येतो त्याला ट्रेसबॅक म्हणतात, आणि नवशिक्याला मदत करण्याचे निम्मे काम हा मजकूर वाचायला लावण्याचेच असते. ‘सर, एरर येतोय’ एवढेच सांगितले जाते, पण एररमध्ये काय लिहिले आहे असे विचारले की पुन्हा पडद्याकडे पाहिले जाते, म्हणजे तोवर कोणी पाहिलेलेच नसते. त्यात हा मजकूर खालून वर वाचायचा असतो, कारण चुकीचे नाव आणि कारण शेवटच्या ओळीत असते व वरच्या ओळी तिथवर पोहोचलेला रस्ता सांगतात, ही गोष्ट पत्रापासून पंचांगापर्यंत सगळे वरून खाली वाचणाऱ्याला सहज सुचणारी नाही. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांची अडचण इंग्रजीची असते असे सर्रास म्हटले जाते, आणि ते अर्धेच खरे आहे. ‘इंट ऑब्जेक्ट इज नॉट इटरेबल’ हे वाक्य एका विद्यार्थ्याने पूर्णांक खाण्याजोगा नाही असे लावले होते. पण इंग्रजी माध्यमातल्या त्याच्या शेजाऱ्यालाही इटरेबल म्हणजे ज्यातून एकामागून एक घटक काढता येतात असे काही, हे ठाऊक नव्हते, आणि चुकीचा का होईना, अर्थ लावण्याचे धैर्य पहिल्यानेच दाखवले होते.

संदेश नेहमी खरेच बोलतो असेही नाही. वरच्या ओळीतला कंस बंद करायचा राहिला तर पूर्वी पाइथन पुढच्या, पूर्णपणे निर्दोष ओळीवर बोट ठेवून ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’, म्हणजे वाक्यरचना अग्राह्य, एवढेच सांगे, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी या न्यायाने विद्यार्थी त्या निर्दोष ओळीची चिरफाड करीत बसे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ३.१० या आवृत्तीपासून हे बरेच सुधारले. कोणता कंस उघडा राहिला ते आता नेमके सांगितले जाते, नावातले अक्षर चुकले तर ‘तुम्हाला अमुक म्हणायचे होते का’ असे विचारले जाते. अप्पा बळवंत चौकातून स्वस्तात आणलेल्या जुन्या पुस्तकातला प्रिंट हा शब्द कंसाविना लिहिला की तो कंस मागणाराही संदेश येतो, कारण दुसऱ्या पिढीच्या पाइथनमधली ती रीत तिसऱ्या पिढीत, म्हणजे २००८ मध्ये बंद झाली आणि १ जानेवारी २०२० पासून त्या जुन्या पिढीची देखभालही थांबली.

खरी परीक्षा असते ती तांबडे काहीच न उमटता येणाऱ्या चुकीच्या उत्तरात, म्हणजे नवाचा ताळा जुळूनही बिघडलेल्या गणितात. दोन संख्या विचारून त्यांची बेरीज सांगणारा प्रोग्राम लिहिला, ५ आणि ७ दिले, आणि उत्तर ५७ आले. कारण इनपुटमधून येते ते पाइथनच्या लेखी अक्षरांची माळ असते, जिला स्ट्रिंग म्हणतात, आणि माळांची बेरीज म्हणजे एकीला दुसरी जोडणे. माळेची संख्या करण्यासाठी इंट हे फंक्शन वापरावे लागते, आणि हे फंक्शन देवनागरीतला ‘१२’ सुद्धा बारा म्हणून स्वीकारते, हे पाहून वर्गाला आनंद होतो, जो त्याच ‘१२’ ला थेट कोडमध्ये संख्या म्हणून लिहिताच मिळणाऱ्या एररने लगेच मावळतो. पाढ्याचे उदाहरण याहून बोलके आहे. रेंज या शब्दापुढे कंसात १ आणि १० लिहून बेचा पाढा छापायला सांगितला तर तो ‘बे नवे अठरा’वर संपतो आणि बे दाहे वीस गायब होते, कारण रेंज शेवटची संख्या वगळते. संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा यांनी १९८२ मधील एका टिपणात मोजणी शून्यापासून करून वरची मर्यादा वगळण्याची बाजू मांडली आहे, आणि दोन टोकांतील वजाबाकी केली की थेट घटकांची संख्या मिळते हा त्यातला मुद्दा बिनतोड आहे. पण सोमवारपासून शुक्रवारपर्यंत दुकान उघडे आहे असे ऐकून शुक्रवारी पिशवी घेऊन निघणाऱ्या माणसाला मूर्ख म्हणता येत नाही. नवशिक्याच्या बहुतेक चुका या जातीच्या असतात. त्या निष्काळजीपणातून येत नाहीत. बोलण्यातली किंवा शाळेतली एखादी शहाणी सवय नव्या घरात तशीच वापरली गेलेली असते.

म्हणूनच कीबोर्ड स्वतःकडे ओढून घेणारा मदतनीस, मग तो कितीही हुशार असो, प्रस्तुत लेखकाला फारसा कामाचा वाटत नाही, आणि हे मत बनायला त्याचे स्वतःचे शिकवण्याचे पहिले काही हंगाम वाया गेले आहेत. तेव्हा तो मागून वाकून दोन कळा दाबी, प्रोग्राम चाले, विद्यार्थी ‘थँक्यू सर’ म्हणे आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक घेऊन येई. ती कोणत्या सवयीतून आली होती हे ना त्याला कळलेले असे ना सरांना. पुढे त्याने प्रश्न बदलला. ‘कुठे चुकले’ ऐवजी ‘तुला काय येईल असे वाटले होते’ असे तो विचारू लागला, आणि उत्तर येईपर्यंत हात पाठीमागे बांधून उभे राहण्याची सवय त्याने स्वतःला लावून घेतली.

या सवयीची कसोटी विलोमपदाच्या प्रोग्रामवर लागली. उलट वाचले तरी सुलटच राहते ते विलोमपद, आणि एखादी स्ट्रिंग तशी आहे का हे ओळखणे हा नवशिक्यांच्या सरावातला ठरलेला प्रश्न असतो. पाइथनमध्ये तो एका ओळीत सुटतो, कारण स्ट्रिंगपुढे चौकटी कंसात दोन अपूर्णविराम आणि उणे एक लिहिले की ती उलटी होते, मग मूळ स्ट्रिंगशी तुलना करायची. ‘मॅडम’ हा शब्द इंग्रजी लिपीत देऊन सगळ्यांचे उत्तर ट्रू आले. एका मुलीने मात्र ‘रामाला भाला मारा’ हे घरोघरी ठाऊक असलेले वाक्य दिले आणि उत्तर फॉल्स आले. काय येईल असे वाटले होते, या प्रश्नावर तिने आधी मोकळ्या जागा काढून टाकल्या, कारण तीन, दोन आणि दोन अक्षरांचे हे शब्द उलटताना जागा हलतात हे तिला दिसले. तरी फॉल्सच. मग तिने लांबी छापली. डोळ्यांना सात अक्षरे दिसत होती आणि पाइथन १४ सांगत होता. उलटी स्ट्रिंग छापली तेव्हा सुरुवातीला ठिपक्यांच्या वर्तुळाला टेकलेला एकटा काना होता आणि शेवटी एक उघडा र. देवनागरीतील ‘रा’ हे युनिकोडमध्ये, म्हणजे जगातील लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणपद्धतीत, एक नसून दोन चिन्हे असतात, र वेगळा आणि काना वेगळा, आणि उलटताना काना आधी येऊन निराधार होतो. हे कोणी सांगण्याआधी तिने पडद्यावरून वाचले होते.

तिने काना, वेलांट्या, उकार, मात्रा, अनुस्वार अशी चिन्हे एका ओळीत लिहून काढली आणि स्ट्रिंगमधून एकेक चिन्ह घेत ते या यादीत असेल तर आधीच्या अक्षराला चिकटवायचे, नसेल तर नवे अक्षर सुरू करायचे, असा सहा ओळींचा कोड लिहिला. जोडाक्षरे त्यात बसत नव्हती, ती पुढच्या आठवड्यावर गेली. ‘रामाला भाला मारा’ ट्रू झाले. तेवढ्यावर न थांबता तिने ताळा म्हणून ‘तो कवी डालडा विकतो’ हे वाक्य दिले, आणि उत्तर फॉल्स आले. वर्गात दोन तट पडले. कोड चुकला असे काहींचे म्हणणे, वाक्यच चुकले असे काहींचे. तिने दोन्ही याद्या शेजारी शेजारी छापल्या तेव्हा तिसऱ्या जागी एकीकडे दीर्घ ‘वी’ आणि दुसरीकडे ऱ्हस्व ‘वि’ दिसला. शासनमान्य झालेल्या १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनुसार तत्सम शब्दांच्या शेवटचा इकार मराठीत दीर्घ लिहितात, त्याआधी तो ऱ्हस्व लिहिला जाई आणि आजोबांच्या वहीत ‘कवि’ असाच शब्द सापडला असता, एवढे प्रस्तुत लेखकाने पाठीमागे हात बांधूनच सांगितले. मुलीने वेलांटी बदलून पुन्हा एंटर दाबले, आणि पडद्यावर ट्रू आले.