सरड्याच्या पेटीतला दिवा : मुडदूस, ड जीवनसत्त्व आणि आपले डोळे

'डॉक्टर, आमच्या बेअर्डेड ड्रॅगनसाठी कोणता यूव्ही दिवा घ्यायचा?' हा प्रश्न माणसांच्या डॉक्टरला कुणी विचारेल असं मला कधी वाटलं नव्हतं. हल्ली मुलांच्या हट्टापायी घरात विदेशी सरडे आणि साप येऊ लागले आहेत. मुलाचा ताप दाखवायला आलेले आईवडील जाता जाता हेही विचारून घेतात. मी पशुवैद्य नाही, प्राणी आजारी असेल तर त्यांच्याकडेच न्या. पण या दिव्यामागचं शास्त्र म्हणजे तुमच्या-माझ्या ड जीवनसत्त्वाचंच शास्त्र आहे, म्हणून लिहितो.

मुडदूस हा शब्द आपल्या आजीला चांगला माहीत होता. ड जीवनसत्त्व कमी पडलं की पोटात गेलेलं कॅल्शियम रक्तात नीट शोषलं जात नाही, हाडं मऊ राहतात आणि मुलाचे पाय वाकतात. पेटीतल्या सरड्यालाही जवळपास हेच होतं. जबडा रबरासारखा मऊ पडतो, पाय सुजल्यासारखे दिसतात, बोटं थरथरतात आणि साध्या उडीत हाड मोडतं. कातडीतल्या कोलेस्टेरॉलसारख्या एका पदार्थावर २८० ते ३१५ नॅनोमीटरचे, म्हणजे यूव्हीबी किरण पडले की ड जीवनसत्त्वाचा कच्चा माल तयार होतो. उबेमुळे त्याचं ड-३ बनतं आणि पुढचं काम यकृत व मूत्रपिंड करतात. आपलं शरीर कायम ३७ अंशांच्या आसपास असतं. सरड्याला मात्र ऊब बाहेरून घ्यावी लागते. म्हणून यूव्हीबीची ट्यूब आणि उबेचा दिवा एकाच जागेवर पडले पाहिजेत. ऊब एका कोपऱ्यात आणि किरण दुसऱ्या, अशी मांडणी निरुपयोगी.

'मी रोज खिडकीत उन्हात बसते, तरी माझं ड कमी कसं?' असं विचारणाऱ्या काकूंना जे सांगतो तेच सरड्याच्या मालकांनाही सांगतो. खिडकीची काच यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते. काचपेटी उन्हात ठेवली तर किरण बाहेर राहतात आणि उष्णता आत कोंडते. प्राणी उष्माघाताने काही मिनिटांत मरू शकतो. ऊन द्यायचंच असेल तर जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, स्वतः समोर बसून द्या.

आता दिवा. बाजारात 'यूव्ही' या एका नावाखाली तीन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात आणि घोटाळा तिथेच होतो. गडद जांभळ्या काचेचा दिवा यूव्हीए देतो. त्याने नोटेवरची खूण चमकते, पण ड जीवनसत्त्व बनत नाही. दुसरी, पारदर्शक काचेची, फिकट निळसर उजेडाची ट्यूब जंतू मारण्यासाठी असते. ती २५४ नॅनोमीटरचे यूव्हीसी किरण फेकते. कोविडनंतर ती कुणालाही घरबसल्या मिळू लागली. तिसरी खास सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची, दिसायला साध्या पांढऱ्या ट्यूबलाइटसारखी. आपल्याला हवी ती हीच.

एका रात्री कॉलेजातला एक मुलगा डोळे घट्ट मिटून आला. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं वाटत होतं, धारा लागल्या होत्या. वेल्डिंग करणाऱ्यांना होतं तसंच. दुपारी त्याने पेटीत नवी 'यूव्ही' ट्यूब बसवली होती आणि तासभर समोर बसून इग्वानाकडे बघत होता. ट्यूब जंतुनाशक निघाली. हा त्रास काही तास उलटल्यावर सुरू होतो, त्यामुळे दिव्याशी संबंध चटकन लक्षात येत नाही. नेत्रतज्ज्ञांच्या उपचाराने त्याचे डोळे दोन दिवसांत बरे झाले. इग्वानाचे डोळेही सुजले होते, पण सांगणार कोण?

योग्य ट्यूब घेतली तरी खोक्यावरच्या ६ टक्के, १२ टक्के या आकड्यांवर विसंबू नका. त्या किरणांत यूव्हीबीचा वाटा किती, एवढंच ते सांगतात. अंगावर किती पडतं ते अंतरावर ठरतं. वरची बारीक जाळीही बराच भाग खाते. म्हणून उत्पादकाचा अंतराचा तक्ता पाहा. यूव्ही इंडेक्स मोजणारं मीटर महाग असतं, चार पाळणाऱ्यांनी मिळून घ्यावं. बेअर्डेड ड्रॅगनला ऊन खाण्याच्या जागी ३ ते ४ इंडेक्स चालतो, संधिप्रकाशात फिरणाऱ्या लेपर्ड गेकोला १ च्या आत पुरे. माझं मत विचाराल तर लहान गुंडाळी दिव्यापेक्षा पेटीच्या अर्ध्याहून जास्त लांबीची टी५ ट्यूब बरी. उरलेल्या भागात सावली हवीच. आणि सहा महिने ते वर्षभरात ती बदला. यूव्हीबी ओसरतं तरी उजेड तसाच दिसतो, त्यामुळे 'अजून चांगली चालतेय' या समजुतीवर बरेच सरडे लंगडतात.

सापांचं थोडं वेगळं. अख्खा उंदीर गिळणाऱ्याला हाडांतून कॅल्शियम आणि यकृतातून ड जीवनसत्त्व मिळतं, त्यामुळे बॉल पायथन अशा दिव्याशिवायही जगतो. तरी यूव्हीबी दिल्यावर कॉर्न स्नेकच्या रक्तातलं ड वाढल्याचं आढळलं आहे. मी तर सौम्य ट्यूब लावाच म्हणेन.

दिव्याऐवजी ड-३ ची पूड भरमसाट चारू नका. कातडी गरजेपेक्षा जास्त ड बनू देत नाही, पुडीला असा लगाम नसतो. ६०,००० युनिटची पुडी आठवड्याऐवजी रोज घेऊन, कॅल्शियम वाढून उलट्या करत आलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

शेवटी घरातल्या माणसांचं. या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला येतो. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, पेटीची भांडी स्वयंपाकघरात घासू नका. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर हा प्राणी आणूच नका. घोरपड, धामण यांसारखे आपल्याकडचे प्राणी घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन, हिरवा इग्वाना अशा विदेशी प्राण्यांचीही नोंदणी आता सक्तीची आहे. दिव्याची चौकशी करण्याआधी विक्रेत्याकडे ते कागद मागा.