मोडलेला पाय आणि आठ एकर

मागच्या हंगामात दोन महिने नोंदी का आल्या नाहीत, असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. म्हणून आज पऱ्हाटी सोडून पायावर लिहितो.

पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. पऱ्हाटी पाती-फुलावर, झड नुकतीच उघडलेली. पाठीवर भरलेला पंप घेऊन धुरा उतरत होतो. आपली काळी माती ओली झाली की साबणच. पाय घसरला, पंपाच्या वजनानं अंग एका बाजूला गेलं अन् पाय दगडात अडकून राहिला. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज आला.

चूक मी त्यानंतर केली. शेजारच्या गावात हाड बसवणारा एक म्हातारा आहे. माझ्या बापाचा हात त्यानंच बसवला होता, म्हणून संध्याकाळी त्यालाच बोलावलं. त्यानं तेल लावून चोळलं, बांबूच्या कामट्या लावल्या अन् दोरीनं आवळलं. "तीन दिवस सोडू नका जी," म्हणाला. अर्धी रात्र नुसत्या कळा. पहाटे कळा कमी झाल्या तेव्हा मला बरं वाटलं. खरं म्हणजे पाय बधिर होत होता. घरची चहा घेऊन आली अन् पायाकडे पाहून तिथंच थबकली. "बोटं निळी पडून राहिली. आता गाडी तुम्ही बोलावता का मी बोलावू?" १०८ ला फोन तिनंच केला.

राजुऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनं आधी दोऱ्या कापल्या, एक्स-रे नंतर. पावलावर बोट ठेवून नाडी पाहिली. "काका, अंगठा हलवा." अंगठा मनानं हलवत होतो, पण तो हलेना. मग जरासा हलला. मॅडम म्हणाल्या, अजून काही तास असाच बांधलेला राहिला असता तर पाय वाचवणं कठीण होतं. रक्त पोचलं नाही की आतलं मांस मरते. खताचं पोतं ओढायला माणूस दोनदा विचार करतो, अन् स्वतःचा पाय मी न विचारता आवळून घेतला होता.

मागून अर्धं प्लास्टर देऊन चंद्रपूरला पाठवलं. वर्धा नदी चढलेली नव्हती, नाहीतर बल्लारपूरचा पूल बंद झाला की काय हाल होतात ते आपल्याकडच्यांना सांगायला नको.

नडगीचं हाड मोडलं होतं. सूज उतरायला चार दिवस थांबले. ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेत झालं, आधार अन् रेशनकार्ड लागलं. दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, पहिल्या दिवशीच त्याला गाठा. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचं बधिर केलं. मी जागाच होतो. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर ठोकतात तसे ठोके ऐकू येत होते, अन् ते माझ्याच हाडात रॉड जायचे होते.

माझ्या खिशातून नर्सबाईनं खर्ऱ्याच्या दोन पुड्या काढून टाकल्या. मला वाटलं वॉर्ड घाण होते म्हणून. डॉक्टर म्हणाले, तंबाखूनं हाड उशिरा जुळते. शेजारच्या खाटेवर एक पोरगा होता, जागलीवरून येताना गाडीपुढं रानडुक्कर आडवं गेलं होतं. त्याचा खर्रा सुटला नाही. माझा सुटला, पण चिडचिड घरच्यांनी सोसली.

घरी आल्यावर सगळ्यात मोठा प्रश्न संडासचा. पाय टेकवायचा नाही, उकिडवं बसता येत नाही. पोरानं प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडून दिलं. हे कोणी आधी सांगत नाही म्हणून लिहितो.

शेत घरचीनं पाहिलं. मी खाटेवरून फोनवर विचारायचो, कामगंध सापळ्यात किती पतंग? सलग तीन रात्री आठ-आठ आले की बोंडअळीची फवारणी, हे तिला पाठ झालं. डोमकळ्या तिनंच वेचल्या. पण सोयाबीन सोंगायला मजूर मिळाले नाहीत, आठवडाभर उशीर झाला अन् शेंगा तडकल्या. तीन एकरांत हाती आलं त्यात मजुरी कशीबशी निघाली. दवाखान्याचं बिल नव्हतं, तरी पाय महागच पडला.

गोपीनाथ मुंडे अपघात योजनेचं विचारून पाहिलं. मृत्यू झाला तर २ लाख, एक पाय कायमचा निकामी झाला तर १ लाख. मोडून जुळला त्याला काही नाही. हंगाम बुडाला त्याचा रकाना अर्जात नाही. मी दोन दिवस तणतण केली. घरची म्हणाली, "तो लाख घ्यायचा होता तर त्या दोऱ्या कशाला कापू दिल्या?"

आता काठी सुटली आहे. यंदा पंप अर्धाच भरतो, अन् धुऱ्याला दगडाच्या पायऱ्या केल्या.

म्हाताऱ्याकडं जाऊन सगळं सांगून आलो. भांडायचं ठरवून गेलो होतो. तो बराच वेळ माझ्या पायावरची टाक्यांची खूण पाहत बसला. मग म्हणाला, "माझ्याजवळ आतलं पाहाचं काय आहे जी? हात आहे फक्त." आता कोणाचा पाय जास्त सुजलेला दिसला की तो आधी राजुऱ्याला धाडतो म्हणतात. मी अजून कोणाला विचारलेलं नाही.