दोष तारेत की दिव्यात?

नेर, जि. यवतमाळ

चि. भाच्यास,

नवरात्राआधी आणखी चार शार्पी, म्हणजे फिरत्या डोक्याचे झोताचे दिवे, घ्यायचा तुमच्या प्रकाशयोजनेच्या ग्रुपचा विचार कळला. त्याआधी दिव्यांच्या केबलमधला सिग्नल तपासणारा, तळहातावर मावणारा डीएमएक्स टेस्टर घ्या, हा माझा आग्रह आहे. का, ते सविस्तर लिहितो.

पूर्वी रंगमंचावरच्या प्रत्येक डिमरला, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राला, नियंत्रणाची वेगळी तार असे. २४ डिमर म्हणजे तारांचा जाडजूड जुडगा. पण एक तार तुटली की तेवढाच दिवा रुसे आणि दोष लगेच सापडे. १९८६ साली यूएसआयटीटी या अमेरिकेतल्या रंगतंत्रज्ञांच्या संस्थेने डीएमएक्स-५१२ ही पद्धत ठरवली. एकाच केबलमधून ५१२ चॅनल, प्रत्येकाला ० ते २५५ पैकी एक आकडा. हे सगळे आकडे दिवे चालवणाऱ्या बोर्डाकडून सेकंदाला साधारण ४४ वेळा निघतात आणि एका दिव्यातून दुसऱ्यात असे साखळीने पुढे जातात. सोय फार मोठी झाली. मात्र पाचव्या दिव्यापाशी पिन सैल झाली, तर सहाव्यापासून पुढचे सगळेच मनाला येईल तसे लुकलुकू लागतात.

मग एक जण बोर्ड बंद करून चालू करतो, दुसरा शिडीवर चढून दिव्याचा पत्ता, म्हणजे त्याच्या पहिल्या चॅनलचा नंबर, बदलतो, तिसरा केबल ओढून काढतो. तिघांचे हात एकदम लागले की मूळ दोष कुठे होता, हे कळायची वाटच बंद होते. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत वडसा-देसाईगंजच्या मंडळींची नाटकं रात्रभर चालतात. तिथे मध्यरात्री, माणसांनी भरलेल्या मंडपात, चाचपडत बसायला वेळ कुठून आणायचा?

टेस्टर जवळ असलेला तंत्रज्ञ आधी साखळीच्या मध्यावर जातो. बोर्डावर १७ नंबरचं चॅनल पूर्ण उघडायला लावतो आणि आठव्या दिव्यातून बाहेर पडणारी केबल टेस्टरला जोडतो. पडद्यावर १७ समोर २५५ आलं, म्हणजे तिथपर्यंत सिग्नल पोचतो आहे. मग दोष ज्या भागात उरतो, त्याच्या मध्यावर तसंच बघायचं. सोळा दिव्यांची साखळी असली तरी अशा चार तपासण्यांत जागा सापडते. त्यानंतर बोर्ड बाजूला ठेवून टेस्टरमधूनच दिव्याला आकडा पाठवायचा. दिवा लागला तर तो ठीक. नाही लागला, तर पत्ता बघायचा.

पत्त्याची चूक फार होते. आठ-आठ चॅनलच्या एलईडी पार दिव्यांना १, ९, १७ असे पत्ते लागतात. घाईत ९ ऐवजी ८ राहिला, की पहिल्या दिव्याचं शेवटचं चॅनल दुसऱ्याचं पहिलं होऊन बसतं. दिवा बिघडलेला नसतो, तरी दुरुस्तीला जातो!

पण आकडा बरोबर दिसला म्हणजे केबल चांगली, असं मात्र नाही. सिग्नल दोन तारांच्या जोडीवर चालतो. त्यातली एक तुटली तरी काही दिवे कसेबसे चालत राहतात आणि ऐन प्रयोगात दगा देतात. म्हणून केबलची प्रत्येक तार वेगळी तपासणारा टेस्टर बघा. माइकची केबल दिसायला तशीच असली तरी या कामाची नव्हे. शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा टर्मिनेटर हवा, नाहीतर सिग्नल टोकावर आपटून मागे फिरतो. आणि एका लाइनवर ३२ पेक्षा जास्त दिवे घालू नका. पुढे सिग्नल वाटून देणारा स्प्लिटर लावा.

एक गोष्ट मला मनापासून सलते. लग्नांत ठिणग्यांचे फवारे उडवणारी यंत्रं आता याच साखळीत जोडतात. डीएमएक्समध्ये चुकलेला आकडा ओळखण्याची सोयच नाही, आणि जिथे जिवाला धोका आहे तिथे डीएमएक्स वापरू नये, असं त्याच्या मानकातच बजावलेलं आहे. त्या यंत्रांचा वीजपुरवठा वेगळ्या स्विचवर ठेवा आणि स्विचपाशी भानावर असलेला माणूस उभा करा. यात तडजोड नको.

टेस्टर आला की आधी गोदामातल्या सगळ्या केबली तपासून घ्या. मांडवात त्यांच्यावरून गाड्या गेलेल्या असतात. ज्या बाद ठरतील त्यांच्या पिना नव्याने बसवा. त्यानंतरही नापास झाल्या तर त्या गाडीत चढवूच नका. शार्पींचं मग बोलू.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझा मामा