नखाला लागतो तो तडा

मिस्त्रींनी आप्पांना तोंडावर ‘नाही’ म्हटलं, तेव्हा मी पिकअपच्या क्लीनर साइडला पाय बाहेर सोडून बसलो होतो. 2005 सालचा मे महिना. दहावीची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता, आणि अशा दिवसांत घरातलं पोरगं बापाबरोबर गाडीवर जातं तसा मी जात होतो. आप्पांना सहसा कुणी नाही म्हणत नसे. शेती जेमतेम अडीच एकर, पण आवाज दहा एकरांचा.

गाडी जुनीच घेतलेली. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो टाकायचा आणि भाव बरा दिसला तर आळेफाट्यावरून माळशेज उतरून कल्याण गाठायचं, हा तिचा धंदा. पासिंग एका टनाचं, म्हणजे 20 किलोचे 50 क्रेट. आम्ही 90 भरायचो. पाटे वाढवून घेतले होते, मागची टायरं जाड टाकली होती, त्यामुळे गाडीला ओझं पेलतं अशी आप्पांची समजूत. पाट्यांना पेलत होतं. केबिनला पेलत नव्हतं, आणि केबिनकडे कोण बघतो?

तडा होता ड्रायव्हरच्या दाराच्या खांबाला, वरच्या बिजागरीखाली. आधी दार लावताना आवाज बदलला. ‘धप्’ म्हणायचं ते ‘खळ्’ म्हणायला लागलं. मग दार उचलून लावावं लागायला लागलं. दोन वर्षांत दोन ठिकाणी दोनदा वेल्डिंग मारून झालं होतं. पहिल्याने जाड रॉडने पत्रा जाळून भोक पाडलं आणि ते भोक पुन्हा रॉडनेच भरलं. दुसऱ्याने त्याच्यावर आणखी एक थर चढवला. दोन्ही वेळा वेल्डिंग जिथल्या तिथे राहिलं आणि तडा त्याच्या कडेने, अर्ध्या बोटाच्या अंतरावरून पुन्हा चालू लागला.

त्या उन्हाळ्यात भाव असे पडले, की क्रेटचं भाडंही निघेना. आप्पांनी गाडी विकायचं ठरवलं. गिऱ्हाईक घरातलंच होतं, माझ्या मामाचा मेहुणा. गुरुवारी येऊन गाडी बघणार होता. म्हणून सोमवारी आम्ही मिस्त्रींच्या दारात.

“खरवडून लांबी भरा आणि रंग मारा,” आप्पा म्हणाले. “आठ दिवस दिसायला नको, बास.”

मिस्त्रींनी डोळे बारीक करून खांबावरून अंगठ्याचं नख फिरवलं. वरून खाली, मग खालून वर. एका जागी नख अडकलं. रंगावर तर तिथे काहीच दिसत नव्हतं.

“आप्पा, लांबी पत्र्याला चिकटते. फाटलेला पत्रा एकमेकाला धरून ठेवत नाही. हे मी नाही करणार.”

“पैसे देतोय मी.”

“द्याल हो. पण घेणारा चार महिन्यांनी घाटात दाराला टेकून बसेल. कोण आहे घेणारा?”

आप्पा बोलले नाहीत. मीच आगाऊपणे म्हणालो, “पाहुणा आहे आमचा.” त्यावर मिस्त्री नुसते हसले आणि एका तमाशाच्या फडाच्या गाडीखाली शिरले. आप्पांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती अजून आठवते.

नारायणगाव म्हणजे तमाशा कलावंत विठाबाईंचं गाव. पाडव्याच्या सुमाराला तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे जत्रा कमिटीवाले सुपाऱ्या द्यायला येतात, आणि चैत्र-वैशाखभर फडांच्या गाड्या रात्री एका गावाला तर दुसऱ्या रात्री भलत्याच गावाला पळत असतात. स्टेजच्या फळ्या, जनरेटर, पेट्या, माणसं, सगळं लादून. त्या गाड्यांचे फाळके, मडगार्ड, हौद्याचे कोपरे दर दोन दिवसांनी मिस्त्रींकडे. त्यामुळे आमच्यासारख्या एका पिकअपचं गिऱ्हाईक गेल्याने त्यांचं काही अडत नव्हतं. हे मी त्यांच्या बाजूने म्हणून सांगतो. पण फडाच्या गाडीलाही त्यांनी कधी नुसती लांबी भरून दिली नाही, हेही पुढे कळलं.

आप्पांनी गाडी दुसरीकडे नेली. बुधवारी संध्याकाळी ती चकचकीत होऊन आली. खांबाला हात लावला तर लोण्यासारखा गुळगुळीत. घरी जाताना खोडदकडच्या रस्त्याने आलो. तिथे दुर्बिणीच्या त्या अवाढव्य तबकड्या आहेत, जीएमआरटीच्या, एकेक 45 मीटर व्यासाची, अशा एकूण 30. आमच्या लहानपणी पाहुणे आले की त्यांना त्या दाखवायला न्यायचे. रस्ता तेव्हा खड्ड्यांतून शोधावा लागे. आप्पा लघवीला उतरले. मी सहज खांबाकडे बघितलं, तर नव्या रंगावर केसाएवढी रेघ. बारा-पंधरा किलोमीटरही झाले नव्हते, आणि गाडी रिकामी होती.

मी बोललो नाही. आप्पांनी दार उघडताना स्वतःच पाहिली. मग बराच वेळ ते स्टिअरिंगवर हात ठेवून, गाडी सुरू न करता बसून राहिले.

गुरुवारी पाहुणा आला. आप्पांनी त्याला चहा दिला, खांबावरची रेघ बोटाने दाखवली आणि म्हणाले, “गाडी आत्ता देण्यासारखी नाही.” पाहुणा तोंडभर आभार मानून गेला. आई आतून ऐकत होती. शुक्रवारी पहाटे आप्पा मला म्हणाले, “ऊठ, चल.”

मिस्त्रींनी झाल्या गोष्टीचा उल्लेखही केला नाही. त्यांच्याकडचा पोऱ्या गावी गेला होता. मला म्हणाले, “तू राहतोस का दोन दिवस हाताखाली?” एवढंच. आप्पा एसटीने घरी गेले.

ते दोन दिवस मी अजून क्रमाने सांगू शकतो. आधी बॅटरीची वायर सोडवली. मग दार उतरवलं, सीट काढली, खालची मॅट काढली. पाण्याची बादली, वाळूचं घमेलं आणि ओलं गोणपाट जवळ ठेवलं. मला वाटलं आता वेल्डिंग. पण मिस्त्री गाडीखाली गेले आणि मलाही बोलावलं. केबिन चासीवर जिथे बसते तिथे बोल्टाभोवती रबर असतं. डाव्या बाजूचं रबर धड होतं. उजवीकडचं, तड्याच्या बरोबर खालचं, भाकरीसारखं चपटं होऊन फाटलं होतं. बोल्ट हाताने हलत होता.

“दुखणं इथं आहे,” मिस्त्री म्हणाले. “ओझ्यानं चासी पिळते, केबिन एका कोपऱ्यावर आदळते. खांब बिचारा किती दिवस सोसणार? दोघांनी वर वेल्डिंग केलं, खाली वाकून कुणी पाहिलंच नाही.”

नवीन रबर आणायला मला सायकलवर पिटाळलं. परत आलो तोवर त्यांनी सगळी लांबी, रंग आणि जुन्या वेल्डिंगची ढेकळं छिन्नीने उडवून पत्रा पांढरा केला होता. मग त्यांनी एक गंमत दाखवली. फडक्याने खांबाला रॉकेल लावलं, थोडं थांबले, कोरड्या फडक्याने लख्ख पुसलं, आणि वरून शाळेतला खडू घासला. दोन मिनिटांत पांढऱ्या खडूवर काळपट ओली रेघ उमटली. तड्यात शिरलेलं रॉकेल खडूने वर ओढून घेतलं होतं. डोळ्यांना चार बोटं दिसणारा तडा वीतभर निघाला. जिथे रेघ संपत होती, बरोबर तिथेच सोमवारी त्यांचं नख अडकलं होतं.

त्या टोकावर पंच मारून त्यांनी मला ड्रिल दिलं. हाताने फिरवायचं. त्या साली लोडशेडिंग असं होतं, की वीज हा पाहुणाच होता. “इथं तीन एमएमचं भोक पाड.” मी चक्रावलो. फाटलेल्या पत्र्याला आणखी भोक? ते म्हणाले, “तड्याचं टोक सुईसारखं असतं. सगळा ताण त्या सुईवर येतो, म्हणून ती पुढं सरकते. सुई गोल करून टाकली की ताण चहूकडं वाटला जातो.” भोक पडायला माझी पंधरा मिनिटं गेली, आणि एक बिट मोडलं. त्या बिटाचे पैसे त्यांनी बिलात धरले, हे आधीच सांगून ठेवतो.

काळ्या नळकांड्यात ऑक्सिजन, तांबडसर मरून नळकांड्यात अ‍ॅसिटिलीन. तड्याच्या दोन्ही कडा कानशीने उतरत्या करून घेतल्या, रॉकेलचा वास जाईपर्यंत पत्रा उन्हात तापू दिला, आणि मग गॅसची निळी ज्योत. सलग रेघ ओढली नाही. एक टाका वर, एक खाली, एक मध्ये, आणि प्रत्येक टाक्यानंतर थांबून आजूबाजूला ओलं फडकं. पातळ पत्रा एकाच जागी तापला की फुगतो, आणि गार होताना आक्रसून सगळा खांबच ओढून घेतो. पोटात ठोकळा धरायचा, वरून हलक्या हातोडीने थोपटायचं. ठोकळा धरायचं काम माझं. बोटांची सालटी निघाली.

संध्याकाळी साताला वीज आली, तेव्हा ठिगळ. 18 गेजचा पत्रा तळहाताएवढा कापून त्यांनी त्याचे चारही कोपरे गोल केले. मी विचारलं, तर म्हणाले, “कोपरा ठेवला की नवा तडा तिथून सुरू.” ठिगळाला भोकं पाडून ते आतल्या बाजूने बसवलं आणि त्या भोकांतून बारा नंबरच्या बारीक रॉडने खांबाला धरलं. चष्म्याशिवाय बघू नकोस असं बजावलेलं असूनही मी एकदा बघितलंच. रात्रभर डोळ्यांत वाळू. मिस्त्रींच्या बायकोने बटाट्याच्या चकत्या ठेवल्या आणि नवऱ्याला, माझ्यादेखत, चांगलं फैलावर घेतलं. रात्री जेवताना मिस्त्री गुळाचा खडा चघळत बसले होते. धुराने घसा धरला, की हेच त्यांचं औषध.

दुसऱ्या दिवशी रेड ऑक्साइडचं अस्तर, खांबाच्या पोकळीत जळकं ऑइल, वरून नखाएवढ्या जाडीची लांबी. “आता भरा म्हणावं आप्पांना पाहिजे तेवढी,” असं म्हणून ते मोठ्याने हसले. त्या प्रकरणावर ते एवढंच बोलले.

बिल 1,850 रुपये झालं. आप्पांनी 600 दिले, बाकीचे तीन हप्त्यांत दिवाळीपर्यंत. मिस्त्रींनी एक रुपया सोडला नाही, आणि आप्पांनीही सोडा म्हटलं नाही. त्यामुळे पैशांपुरतं बघाल तर आमचा हिशेब तेव्हाच फिटला. गाडी द्यायला आले, तेव्हा मिस्त्री म्हणाले होते, “आप्पा, 90 क्रेट भरले तर मला पुन्हा दाखवू नका.” आप्पा त्यानंतर 60 वर आले. 50 वर ते कधीच आले नाहीत, खोटं कशाला बोला.

गाडी विकली गेली नाही. ती पुढे अकरा वर्षं चालली. माझ्या डिप्लोमाची फी, ताईचं लग्न, आप्पांचं पोटाचं ऑपरेशन, सगळं त्या हौद्यातून आलं. पण आई या गोष्टीकडे वेगळ्याच बाजूने बघायची. ती म्हणायची, “गाडीचं सोड रे. त्या माणसानं तुझ्या बापाला माझ्या माहेरी तोंड दाखवायला ठेवलं.” मामाचा तो मेहुणा पुढे ताईच्या लग्नात आहेराची वही लिहायला बसला होता. आप्पा त्याच्या शेजारी.

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत सरांनी लाल द्रव फासला, पुसला, वरून पांढरी पूड फवारली, आणि पुडीवर तड्याची लाल रेघ उमटली. मी हसलो. सरांनी उभं केलं. मी रॉकेल आणि खडू सांगितला, तेव्हा वर्ग हसला, सर मात्र हसले नाहीत. त्यांनी त्या तासाला 1954 साली कोसळलेल्या कॉमेट विमानांची गोष्ट सांगितली. हवेच्या दाबाने पुन्हा पुन्हा ताणला गेलेला धातू खिडकीवजा भोकाच्या कोपऱ्यापासून कसा फाटत गेला, आणि ते शोधायला अख्खं विमान पाण्याच्या टाकीत घालून कसं तपासलं. मला डोळ्यांसमोर तळहाताएवढं ठिगळ दिसत होतं, गोल कोपऱ्यांचं.

आता मी चाकणला गाड्यांच्या सांगाड्यांची तपासणी करतो. एका सांगाड्याला हजारो ठिकाणी स्पॉट वेल्डिंग असतं. त्यातली काही आम्ही छिन्नी घालून मुद्दाम उचकटून बघतो. मुलाखतीत मला विचारलं होतं, तडा दिसला तर आधी काय कराल? मी म्हणालो, गाडीखाली जाईन.

2016 मध्ये पिकअप भंगारात गेली. मी रजा काढून गेलो. भंगारवाला गॅस कटरने केबिन तोडत होता. मी त्याला खांबाचा तेवढा तुकडा वेगळा काढून मागितला. त्याने वजन करून 40 रुपये घेतले. दाराच्या बिजागरीचं एक भोक, खाली ते तीन एमएमचं भोक, आणि मागे ठिगळ. रंगाचे तीन थर निघाले होते, तडा कुठेच पुढे सरकलेला नव्हता.

तो तुकडा घेऊन मी मिस्त्रींकडे गेलो. गॅरेज आता पुतण्या बघतो. तिथे सीओटू वेल्डिंगचं मशीन आलंय, आणि काचेला आपोआप काळोखी येणारं हेल्मेटही. मिस्त्री ओट्यावर बसलेले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याने अंधुक दिसायचं. मी कोण ते सांगितलं. आप्पा दोन वर्षांपूर्वी गेले, तेही सांगितलं. ते काही बोलले नाहीत, हात पुढे केला. मी तुकडा हातात दिला.

त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि अंगठ्याचं नख फिरवायला लागले. वरून खाली, मग खालून वर. भोकाशी थांबले. ठिगळाच्या चारही कोपऱ्यांवरून गेले. पुन्हा मागे आले आणि तिसऱ्या-चौथ्या टाक्याच्या मध्ये कुठेतरी नख अडकलं.

“इथं जरा घाई झाली होती,” ते म्हणाले. “उजेड जायची वेळ झालेली.”